कोरडा राहिलेला हात

लहानपणी नदीत बुडता बुडता वाचलेली आई तोंडावर पाण्याचा हबकासुद्धा मारायची नाही. आज बाप्तिस्म्यासाठी ती चर्चच्या हौदात छातीभर पाण्यात उभी होती, काठावर टॉवेल घेऊन बसलेल्या लेकीचा हात गच्च धरून. "ताई, हवं तर डोक्यावर पाणी शिंपडतो," पाळक म्हणाले. "नको. प्रभूकडे काय अर्धीमुर्धी जाऊ?" आईचे दात वाजत होते. पाळकांनी तिला पाण्याखाली नेलं. वर फक्त हात उरला, नखं लेकीच्या मनगटात रुतलेली. आई खोकत वर आली. मंडळी गाऊ लागली, पण आई आपल्या हाताकडेच बघत होती. "पाळकसाहेब, हा कोरडाच राहिला की. पुन्हा बुडवा." "आई, पुरे गं," लेक रडकुंडीला आली. "सोड बाळा," आई म्हणाली. आता लेकीनेच गच्च धरलं होतं. तिने डोळे मिटून बोटं उघडली.