फुंकणी

कारखान्याने दिलेली प्लास्टिकची नळी त्याने ओठांत घट्ट धरली आणि एका दमात फुंकली. नळीवरचा लाल काटा सरकत गेला आणि पाचशेच्या पुढे थांबला.

"एवढ्याशा फुंकणीला एवढा जोर?" आई म्हणाली. "चूल तरी पेटवायची होतीस."

"छातीत दम किती ते मोजते ही. आठवडाभर घरी फुंकायला दिलीय, आई. आमच्या खात्यातल्या सगळ्यांनाच. काटा खाली यायला लागला की खातं बदलतात."

तो कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात होता. पावडरीत एन्झाइमचे दाणे मिसळतात, ते त्याचं खातं. आत जाताना तोंडाला मास्क, बाहेर पडताना अंघोळ. कामाचे कपडेही तिथेच उतरवायचे.

"असं असतं तरी काय त्यात?"

"साबणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्या ओढाताणीत तेलकट मळ सुटतो. पण रक्त, दूध, अंडं चिकटून बसतं. ते एन्झाइम बारीक कातरतं. त्याची धूळ मात्र छातीत जाऊ द्यायची नाही. शरीर तिच्याशी वैर धरतं, आणि एकदा धरलं की मग चिमूटभरही पुरते. म्हणून प्रत्येक दाण्यावर मेणासारखा थर देतात."

"आणि पांढरं कशाने होतं?"

"पांढरं होतच नाही. कापडावर एक द्रव्य बसतं, ते उजेडात निळसर चमकतं. आपल्याला वाटतं, पांढरं झालं."

"म्हणजे नीळच की. नवीन काय केलंत मग?"

तो हसला. तेवढ्यात मागच्या दाराने त्याची बायको रिकामी बादली घेऊन आत आली, खोकली आणि उंबऱ्यावरच टेकली. कपडे वाळत घालून आली की हल्ली ती अशी थोडा वेळ बसायची. खोकला हवेचा, असं घरात ठरलं होतं.

"सूनबाई, ये, तूही फुंक," आई म्हणाली. "तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. काटा मोडशील."

"तुमच्याच हाताखाली तयार झालेय."

आधी आईने फुंकली. काटा तीनशेच्या जरा अलीकडे थांबला. "बघा. म्हातारीत अजून हवा आहे."

मग बायकोने फुंकली. काटा दीडशेपाशी थांबला.

"नीट धरली नाहीस," तो म्हणाला. "ओठ घट्ट मिट. छाती भरून घे आणि एकदम सोड."

तिने पुन्हा फुंकली. दीडशे. ती हसायला लागली, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबल्यावर तिने पदराने नळी पुसून तिसऱ्यांदा फुंकली. काटा तिथेच.

"सासूबाई जिंकल्या," ती म्हणाली.

तो हसला नाही. मोरीच्या कोपऱ्यातल्या डब्याकडे बघत होता. दर शनिवारी तो कारखान्यातून पिशवीभर पावडर आणायचा. त्याच्याच खात्यात जमिनीवर सांडलेली, दिवसभर बुटांखाली चिरडलेली, झाडून गोळा केलेली. ती विकता येत नाही, म्हणून कामगारांनी नेली तर कोणी हटकत नसे. तिच्यामुळे या घरचे कपडे गल्लीत सगळ्यांत पांढरे होते. कोणती पावडर वापरता, असं बायका थांबवून विचारत, आणि त्याची बायको मुद्दाम सांगत नसे.

"ती पावडर तू कशी वापरतेस?" त्याने विचारलं.

"कशी म्हणजे? चाळून. काय नसतं हो तुमच्या त्या पावडरीत. खडे, केस, एकदा तर खिळा निघाला. कपडा फाटेल की. पिठाची जुनी चाळण ठेवलीय तिच्यासाठी."

"कुठे चाळतेस?"

"मोरीत." तिने त्याच्याकडे पाहिलं. मग जरा अभिमानाने म्हणाली, "दार लावून घेते. नाहीतर बारीक बारीक सगळी उडून जाते. तेवढीच वाया."

आईने नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"फुंकणीच बिघडली असेल," ती म्हणाली. "तू फुंक बघू परत."

त्याने नळी घेतली, काटा शून्यावर आणला. बायको बघत होती. त्याने मुद्दाम हळूच फुंकली, दिवा विझवावा तेवढीच. तरी काटा तिच्या आकड्याच्या पुढे निघून गेला.

"चांगली आहे की," बायको म्हणाली आणि भिंतीला हात टेकून उठली. वाळत घातलेला शर्ट उडाला नाही ना ते बघायला.

मागच्या दारातून दोरी दिसत होती. वाऱ्याची झुळूक आली आणि त्याचा पांढराशुभ्र शर्ट छातीभर फुगला.