खुले डोळे

डोळे बनवणाऱ्या कंपनीने दुपारी आपली प्रणाली बंद केली आणि मिरजेतल्या शेकडो माणसांचे कृत्रिम डोळे एकदम विझले. त्यांना दिसणारं सगळं गावच्या दृष्टिकेंद्रातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे एका मोठ्या संगणकावर, तयार होत असे. ते यंत्र सांभाळणाऱ्या हेमांगी बाबरचे डोळेही तसलेच होते.

"नवे डोळे बसवून घ्या, मॅडम," कंपनीचे मोहिले फोनवर म्हणाले. "जुने आम्ही आता चालवणार नाही."

"नका चालवू. यंत्र केंद्राच्या मालकीचं आहे. त्यावर आम्ही सगळ्यांना खुलं असलेलं लिनक्स घालतो. ते कुणाच्या बापाचं नाही."

तिचा सहकारी शकील पडद्यावरची ओळ न् ओळ वाचून दाखवू लागला आणि ती अंधारात कीबोर्ड चालवत राहिली. यंत्र पुन्हा पुन्हा अडत होतं. बाहेर बाकांवर माणसं ताटकळली होती, पण घरी कुणी गेलं नाही.

संध्याकाळी हेमांगीला आधी शकीलची हनुवटी दिसली, मग सगळा चेहरा, नुसता काळा-पांढरा. बाहेर एकच गलका उठला.

कंपनीला कळायला वेळ लागला नाही. "रंगांचं तंत्र आमच्याकडेच आहे," मोहिले म्हणाले. "जन्मभर असंच बघणार?"

"रंगांचं आम्ही बघून घेऊ," हेमांगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.