चार नंबरचा वॉर्ड

अख्ख्या हॉस्पिटलात फक्त चार नंबरच्या वॉर्डातल्या पेशंटांच्या पाठी धड होत्या. बाकीकडे पडून पडून जखमा चिघळायच्या. नाकाला रुमाल लावल्याशिवाय आत पाऊल टाकवत नसे. चौकशीला आलेल्या साहेबांना चार नंबरच्या सिस्टरने खरं ते सांगून टाकलं, "आमच्या सफाईच्या मावशी फरशी पुसताना प्रत्येक खाटेपाशी थांबतात आणि पेशंटची कूस बदलून देतात. दिवसातून पाच वेळा. बाकी जादू काही नाही."

साहेब जाम खूश. "नवीन काही शोधायलाच नको. जे चालतंय तेच सगळीकडे न्यायचं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मावशी सभागृहात, बाकीच्या वॉर्डांना शिकवायला. हातात फडक्याऐवजी माइक, आणि चार नंबरच्या भिंतीवर त्यांचा हसरा फोटो. त्यांच्या जागी फरशी पुसायचं यंत्र आलं. तीस पेशंट आणि सिस्टर एकटी.

दीड महिन्याने त्याच फोटोखालच्या खाटेवरच्या आजोबांना तिने कुशीवर वळवलं आणि वासानेच तिला नाकाला रुमाल लावावा लागला. पाठीला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं.

तिने तीनदा हात धुतले, तरी वास जाईना. तशीच ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "मावशींना परत पाठवा साहेब. नाहीतर त्यांनी शिकवलेली एखादी बाई तरी द्या."

साहेबांनी कागदांतून मानसुद्धा वर केली नाही.

"तुम्हाला कशाला, सिस्टर? तुमचा तर आदर्श वॉर्ड आहे."