नुसतं पाणी

"पुन्हा लाल," पडद्याआडून बाहेर येत सिस्टर सिरवार्त म्हणाली आणि तिने हातमोजे कचऱ्याच्या डब्यात असे आपटले, की तालारला ते आपल्याच तोंडावर आपटल्यासारखे वाटले.

महिन्यातली ही चौथी खेप. बुर्ज हम्मूदच्या आर्मेनियन वस्तीत, चर्चमागच्या या दोन खोल्यांच्या दवाखान्यात सिरवार्त एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत आली होती. चार वर्षांच्या पोराची पुढची कातडी मागे ओढायची नाही, ती वय झालं की आपली आपण सुटते. साबण नाही, पावडर नाही, शेजारणीचं मलम तर नाहीच नाही. आंघोळीला बाहेरून नुसतं शुद्ध पाणी, मग हलक्या हाताने टिपायचं, संपलं. आणि तरी दर आठवड्याला तालारचा वाहे पाय फाकवून चालत दारात हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

तालारचाही जीव मेटाकुटीला आला होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने सोमवारची तारीख देऊन टाकली होती. तोवर लाली गेली नाही तर सुंता करून मोकळं होऊ, म्हणाला. वरच्या मजल्यावरची सुआदही प्रेमाने तेच सांगे, माझ्या तिघांची झाली, आठ दिवसांत उड्या मारायला लागले. तिच्याकडे ती रीत होती, तालारच्या आर्मेनियन घरात आजवर कुणाची झाली नव्हती. पण रीत राहू दे, पोराला भूल देणार हेच तालारला नको होतं. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

सिरवार्तने फौजदारासारखी उलटतपासणी घेतली. लघवीला अडत नाही ना? ताप? तसलं काही नव्हतं. घरातला हलबचा, ऑलिव्ह तेलाचा साबण? तो तालारने महिन्यापूर्वीच कपाटात कुलूपबंद केला होता. मग याला धुतं कोण?

"आई धुतात. मी दिवसभर चपलांच्या कारखान्यात असते."

आई म्हणजे तालारची सासू, येप्राक्सी. ती बाकावर मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. पाण्याशिवाय दुसरं काही लावलं असेल तर क्रुसाची शपथ, असं ती सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," सिरवार्त म्हणाली. "येप्राक्सीबाई, तो बघा नळ. कसं धुता ते मला करून दाखवा."

"नळाचं?" म्हातारीने नाक मुरडलं. "त्या खारट पाण्यात मी भांडी घासत नाही, पोराला धुवेन?"

वाहेच्या दुपारच्या धुण्याची वेळ झालीच होती. तिने पर्स उघडून पाण्याची एक छोटी बाटली काढली. बाटलीवर चिकटपट्टी होती, पट्टीवर तारीख होती, सहा जानेवारी. बाहेर सप्टेंबरचं ऊन तापत होतं.

सिरवार्तने झाकण उघडून वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसली. तीही त्याच चर्चची, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ख्रिस्तजन्माच्या दिवशी, जो त्यांच्यात सहा जानेवारीला असतो, पाद्री पाण्यात क्रूस बुडवतो, वर चाळीसेक फुलापानांच्या पवित्र तेलाचे थेंब सोडतो, आणि घरोघरची माणसं ते पाणी घोट घोट प्यायला बाटलीत भरून नेतात. या बाटलीतलं गढूळ झालं होतं, वर तेलाचं कडं धरलं होतं.

"तूच म्हणालीस, शुद्ध पाणी," म्हातारी म्हणाली. "याहून शुद्ध मी कुठून आणू?"

मग सिरवार्तचा तोफखाना सुटला. आठ महिन्यांचं शिळं पाणी, वर सुगंधी तेल, आणि ते सोलवटलेल्या कातडीवर! यापेक्षा साबण परवडला असता. तालारच्याही तोंडाशी महिन्याभराचं साचलेलं आलं होतं, पण आधी तिने एवढंच विचारलं, "आई, दिवसातून किती वेळा?"

"आधी एकदाच. त्या डॉक्टरने सोमवार सांगितला, तेव्हापासून पाच वेळा." म्हातारीचा आवाज चिरकला. "चाकू लागू नये म्हणून."

तालार सासूशेजारी बाकावर जाऊन बसली.

सिरवार्तने इस्पितळात फोन लावला. लालीचं कारण सापडलंय, पोर सोमवारी फक्त दाखवायला येईल, कापायला नाही, हे तिने डॉक्टरला दोनदा ऐकवलं. पलीकडून कुरकुर झाली आणि होकार आला. तालार भिंतीला टेकली. तिला एकदम रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

फोन ठेवून सिरवार्त बाटली घेऊन बेसिनपाशी गेली. बाटली तिरकी केली आणि तशीच थांबली. बेसिनचं पाणी गटारात जात होतं. बावीस वर्षं नर्स असलेल्या बाईचा हात पुढे होईना. काहीतरी पुटपुटत ती खिडकीकडे वळली आणि तिथल्या महिनोन्‌महिने न फुललेल्या जिरेनियमच्या कुंडीत तिने सगळं पाणी ओतलं. शेवटचा थेंब झटकला. मग पाठमोरी राहून ओल्या बोटांनी हळूच क्रुसाची खूण केली. ती सगळ्यांनी पाहिली.

"उद्यापासून प्यायच्या विकतच्या कॅनमधलं पाणी," वळून ती पुन्हा त्याच आवाजात म्हणाली. "बाहेरून. एकदाच."

वाहे चड्डी वर ओढत कुंडीकडे बघत होता. माती पाणी पिऊन काळी पडली होती.

"मेझमामा," त्याने आजीला विचारलं, "आता ते झाडपण लाल होणार?"