खुणेचा बुंधा

“रियाज, साखळी वर नको बांधूस, अगदी मुळाशी बांध,” अब्बास व्हिडिओ कॉलवर ओरडला. “वर बांधलीस तर बुंधा मोडेल आणि मुळं आतच ऱ्हातील.”

रियाज जेसीबी घेऊन रत्नागिरीजवळच्या गावात, अब्बासच्याच अंगणात उभा होता. अब्बास दोहात, अल थुमामा भागातल्या एका व्हिलामागे, कुणाच्या तरी वाळलेल्या खजुराचा बुंधा काढायला आलेला. बागकामाच्या कंपनीत बावीस वर्षं त्याने हेच केलं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःच्या अंगणातला फणसाचा बुंधा मात्र “मी आल्यावर काढतो, कोणी हात लावू नका” म्हणत त्याने दोन वर्षं राखला होता.

आता राखून चालणार नव्हतं. उद्या लेकीचा, हुस्नाचा निकाह. मांडव त्याच जागी घालायचा होता. सुट्टीचा अर्ज बघून ऑफिसात “इन्शाल्ला” म्हणाले, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. सुट्टी काही मिळाली नाही.

“ऐकता ना?” बायकोने, साजिदाने, फोन बुंध्याजवळ नेला. “मांडववाले खोळंबलेत. सांगा आता रियाजला, ओढ म्हणून.”

एका बाजूची माती उकरून झाली होती. मांडीएवढ्या उंचीचा बुंधा, आणि वरच्या कडेजवळ कोयत्याची एक जुनी खूण. अब्बास पहिल्यांदा सुट्टीवर गेला तेव्हा दीड वर्षाच्या हुस्नाला झाडाशी उभं करून त्याने ती मारली होती. मग दर सुट्टीला एक, आधीच्यापेक्षा वर. वादळात झाड पडलं आणि बाकीच्या सगळ्या खुणा खोडाबरोबर वखारीत गेल्या.

“हुस्नाला बोलव.”

“तिची मेंदी ओली हाय.”

“तशीच येऊ दे.”

हुस्ना दोन्ही हात अंगापासून लांब धरून आली. “काय, अब्बा?”

“बुंध्याला पाठ लावून उभी ऱ्हा. सरळ.”

ती हसत उभी राहिली. मग तिने वाकून पाहिलं. खूण तिच्या मांडीशी आली होती.

“ही कधीची, अब्बा?”

“मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हाची. मला बघून तू रडत सुटली होतीस. आईला सोडायला तयार नव्हतीस.”

हुस्ना जागची हलली नाही. अब्बासला घरी जायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

जेसीबी घरघरला. “चाचा, ओढू?” रियाजने विचारलं.

दिवसातून वीस वेळा अब्बास आपल्या माणसांना “यल्ला”, म्हणजे चला, म्हणायचा, की बुंधा जमिनीतून सुटायचा. आज तो शब्द तोंडातून बाहेर पडेना. त्याने वाळूत उभ्या उभ्या आपल्या मांडीजवळ हात आडवा धरला, त्या खुणेएवढ्याच उंचीवर.

“थांब रे,” तो म्हणाला. “ती उभी हाय अजून.”