बोर्डाखालचे सुभाषराव

दुरुस्तीवाला शिडीवरून उतरला आणि बोर्ड पुन्हा हसला.

आयर्लंडमधल्या लेटरकेनी शहराबाहेरच्या त्या लहानशा गावात शाळेच्या अलीकडेच हा गाड्यांचा वेग मोजणारा बोर्ड होता. गाडी हळू आली की हिरवा हसरा चेहरा, जोरात आली की लाल रडवा. मध्यंतरी तो बंद पडला आणि गाड्या सुसाट सुटल्या. एका सकाळी पावाची व्हॅन स्वरांगीच्या दप्तराला घासून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचे आजोबा, सुभाषराव, बोर्डाखाली उभे राहू लागले. हळू येणाऱ्याला हात जोडून नमस्कार. जोरात येणाऱ्याकडे पाहून नुसती मान हलवायची, घरच्याच पोराने निराशा केल्यासारखी.

"बाबा, लोक हसतील," हॉस्पिटलात कामाला निघताना लेक म्हणाली होती.

लोक हसले खरे, पण ब्रेक दाबून. साताऱ्याहून लेकीकडे आल्यापासून सुभाषरावांना पहिल्यांदाच सकाळी घाईने उठावंसं वाटत होतं.

"चला, आपली ड्यूटी संपली," ते नातीला म्हणाले.

"आर यू सॅड, आजोबा?"

"छे गं. बोर्डाचं बरं आहे, त्याला थंडी वाजत नाही." त्यांनी मफलर सोडला आणि उगीचच पुन्हा गुंडाळला.

दोघं शाळेकडे चालू लागले. पाठीमागे गाडीचा आवाज आला. सुभाषरावांनी मुद्दामच वळून पाहिलं नाही. आवाज जवळ आला, मंदावला आणि त्यांच्या शेजारीच थांबला. तीच पावाची व्हॅन. तोच दांडगा, लालबुंद गालांचा ड्रायव्हर. त्याने काच खाली केली, तशी सुभाषरावांनी स्वरांगीला जवळ ओढलं. इतके दिवस या माणसाकडे पाहून मान हलवली होती. आज तो ऐकवणार.

"मी हळू आलो," तो म्हणाला. सुभाषरावांना कळावं म्हणून एकेक इंग्रजी शब्द सुटा करून बोलत होता. मग मागच्या बोर्डाकडे अंगठा केला. "तो हसला. तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत."

सुभाषरावांनी वळून बोर्डाकडे पाहिलं.

"आजोबा," स्वरांगीने त्यांची बाही ओढली, "ही इज वेटिंग."

त्यांनी हातमोजे काढले आणि नीट हात जोडले. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले, जमतील तसे जोडले आणि व्हॅन पुढे काढली.

तिच्यामागे गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न कुणीच वाजवला नव्हता. जो तो काच खाली करून आपल्या पाळीची वाट पाहत होता.