चित्रावरचा दिवा

गंगाधर कारकुनानं ते चित्र नीरा नदीत बुडवलं आणि विषय मिटला. पण चित्र अजून भिंतीवरच आहे, तेव्हा बुडवलं नव्हतं असं धरून पुढं जाऊ.

चित्र त्याच्या बायकोच्या, सरोजच्या, धाकट्या भावानं, आनंदानं काढलेलं. भोरचा रस्ता, आणि पार टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माणूस. आनंदा तापानं गेला, तेव्हा तिनं चित्राला चौकट करून घेतली.

"चौकटीच्या निम्म्या रुंदीचा दिवा वर लावा," सुतार म्हणाला होता. गंगाधरनं घरातली लहानशी चिमणी लावली. सकाळी माणूस बोटाएवढा झाला होता.

उजेडात तो थांबायचा, अंधारात चालायचा. गंगाधरनं कंदील टांगला, तर तो कडेच्या अंधारातून आला. गॅसबत्ती आणली, तर रॉकेल संपेपर्यंत उभा राहिला आणि मग आला.

"अहो, कशाला रॉकेल जाळताय? आपला आनंदाच आहे. येऊ दे की."

"अगं, त्याला आपण पोचवून आलोय!"

"म्हणून काय बहिणीकडं जेवायला यायचं नाही?"

आज चौकटभर नुसता चेहरा होता. काचेवर वाफ धरली होती. गंगाधरनं ती धोतराच्या सोग्यानं पुसली, पण ती आतल्या बाजूनं होती.

सरोजनं तीन पाट मांडले. ऊन डोंगराला टेकलं. गंगाधरनं घाईघाईनं दौत ओढली.

"मेहेरबान दिवाणसाहेब, संस्थान भोर, यांस: अर्जदाराचे राहते घरी पुढील हुकूम होईपर्यंत सूर्यास्त तहकूब ठेवण्याची मेहेरबानी व्हावी."